'अनलिमिटेड ईमेल' घेण्यापूर्वी

पुणे

चि. पुतण्यास,

परभणीजवळच्या पिंगळीहून आठवड्यातून दोनदा पीकसल्ल्याचं बातमीपत्र ईमेलने काढायचं तू ठरवलंस, हे वाचून घरात सगळ्यांनाच बरं वाटलं. सोबत तू एका होस्टिंग कंपनीची जाहिरात पाठवलीस. पहिल्या वर्षी हजार-दीड हजारात वेबसाईट आणि खाली ठळक अक्षरांत 'अनलिमिटेड ईमेल'. हे घेऊ का, एवढंच तुझं विचारणं.

वेबसाईटसाठी खुशाल घे. बातमीपत्र पाठवायला मात्र त्यावर विसंबू नकोस. वेबसाईट ठेवणं आणि हजारो लोकांना एकदम ईमेल पाठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच पॅकेजात दोन्ही मिळतात असं जाहिरात म्हणते, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

बातमीपत्राच्या कल्पनेबद्दल शंका नाही. परभणीचं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ला स्थापन झालं. आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. तिथल्या ग्रामीण कृषी मौसम सेवेतून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. कपाशीवर कधी फवारायचं, सोयाबीन काढणीला थांबायचं की नाही, असा कामाचा मजकूर त्यात असतो. विद्यापीठाचं नाव देऊन त्यातला पिंगळी-पूर्णा पट्ट्याला लागू भाग निवडायचा आणि दोन ओळी स्थानिक बाजाराच्या जोडायच्या, यात गैर काहीच नाही.

'व्हॉट्सॲप असताना ईमेल कशाला?' असं गावात कोणीतरी म्हणणारच. बांधावरच्या शेतकऱ्यासाठी व्हॉट्सॲपच बरं, हे मान्य करून टाक. पण तिथे ब्रॉडकास्ट यादीत २५६ च्या वर नावं बसत नाहीत, आणि ज्याच्या फोनमध्ये तुझा नंबर साठवलेला नाही त्याला तो निरोप जातही नाही. कृषी सेवा केंद्रवाले, कृषी पदवीधर, उत्पादक कंपन्यांचे संचालक, बँकेचे शेती अधिकारी आणि गावाकडे जमीन ठेवून पुण्या-मुंबईत नोकरी करणारे लोक ईमेल उघडतात, साठवतात, पुढे पाठवतात. तुझं बातमीपत्र त्यांच्यासाठी आहे.

आता त्या 'अनलिमिटेड'कडे वळू. अशा जाहिरातीतला हा शब्द बहुतेक वेळा किती ईमेल खाती उघडता येतील त्याबद्दल असतो. किती पत्रं बाहेर जातील याची मर्यादा अटी-शर्तींच्या पानावर, बारीक अक्षरांत आणि ताशी आकड्यात दिलेली असते. शेअर्ड होस्टिंगवर ती साधारण काही शेकड्यांत असते. समज, तासाला ३०० ची मुभा आहे आणि तुझी यादी साडेतीन हजारांची. म्हणजे एक अंक पुरा जायला जवळजवळ बारा तास. मंगळवारी संध्याकाळी चारला पाठवायला घेतलेला सल्ला शेवटच्या माणसाला पहाटे चारला मिळेल. 'रात्री पावसाची शक्यता, आज संध्याकाळी फवारणी टाळा' असं त्यात लिहिलं असेल, तर त्याचा उपयोग काय? साध्या जीमेल खात्यावरून पाठवायचं म्हटलं तर दिवसाला ५०० जणांची मर्यादा. एक अंक सात दिवस चालेल आणि दरम्यान पुढचा येऊन थडकेल.

ताशी मर्यादा एक वेळ सहन करता येईल. शेअर्ड होस्टिंगचा खरा धोका शेजाऱ्यांचा आहे. एका सर्व्हरवर शेकडो वेबसाईट असतात आणि बहुधा सगळ्यांची पत्रं एकाच आयपी पत्त्यावरून बाहेर पडतात. सामाईक विहिरीत एकाने फवारणीचा पंप धुतला, तर पाणी सगळ्या भावकीचं बिघडतं. त्या सर्व्हरवरच्या कुणाच्या वेबसाईटमध्ये चोर शिरला आणि त्याने लॉटरीची पत्रं सोडली, तर स्पॅमहाउससारख्या संस्थेच्या काळ्या यादीत तो आयपी जातो. मग तुझा कापूस-सल्लाही जीमेल आणि याहूच्या दारातून परत येतो, नाहीतर स्पॅमच्या फोल्डरात पडून राहतो. तुझी चूक काहीच नसते, आणि होस्टिंगवाल्याला फोन केला तरी 'आमच्याकडून मेल गेलेला आहे' एवढंच उत्तर मिळतं. तेही खरंच असतं.

मेल कंपन्या एवढ्या संशयी का झाल्या, त्याला जुना इतिहास आहे. ३ मे १९७८ला डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क या विक्री अधिकाऱ्याने आपल्या नव्या संगणकांची जाहिरात इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना एकदम पाठवली. घाऊक नको-पत्राची, म्हणजे स्पॅमची, नोंदलेली सुरुवात तिथून धरतात. ईमेल वाहून नेणाऱ्या एसएमटीपी या नियमावलीचा मूळ मसुदा १९८२चा. पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासण्याची सोय त्यात नव्हती, कारण तेव्हा जाळ्यावरचे लोक बहुतेक एकमेकांच्या ओळखीचे होते. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ला. तोवर तिकडे नको-पत्रांचा त्रास सुरू झालेला होता. तपासणीची कुलपं त्यानंतर एकेक करून लागत गेली.

त्यातलं सगळ्यात मोठं कुलूप फेब्रुवारी २०२४मध्ये लागलं. जीमेल आणि याहू यांनी घाऊक पाठवणाऱ्यांसाठी नियम बांधून दिले, आणि मे २०२५पासून मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकनेही तीच वाट धरली. जीमेलच्या खात्यांवर एका दिवसात ५,००० च्या घरात पत्रं गेली की तो डोमेन घाऊक पाठवणारा ठरतो, आणि एकदा ठरला की कायमचा. त्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी हव्यात, एका टिचकीत नाव काढून टाकायची सोय हवी, आणि नाव काढा म्हटल्यावर दोन दिवसांत निघालं पाहिजे. 'स्पॅम' म्हणून तक्रार करणाऱ्यांचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत ठेवा आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीच जाऊ देऊ नका, असं गूगल बजावतं. साडेतीन हजारांवर ०.३ टक्के म्हणजे दहा-अकरा माणसं. पिंगळीच्या पारावर सकाळी याहून जास्त जमतात. तू अजून ५,००० च्या खाली आहेस, पण पहिल्या दिवसापासून हेच नियम पाळ. यादी वाढली की धावपळ करावी लागणार नाही.

त्या तीन नावांना बिचकू नकोस. तिन्ही नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या सार्वजनिक नोंदवहीत, मजकूर म्हणून भरायच्या असतात. तुझ्या नावाने पत्र पाठवायला कोणकोणते सर्व्हर मुखत्यार आहेत, त्यांची यादी म्हणजे एसपीएफ. डीकेआयएम ही प्रत्येक पत्रावरची अदृश्य सही. वाटेत कोणी मजकूर बदलला तर ती जुळत नाही. आणि या दोन्हींत गफलत दिसली तर पत्राचं काय करायचं, हे समोरच्या सर्व्हरला डीमार्क सांगतं. सुरुवातीला डीमार्कमध्ये 'काही अडवू नका, फक्त अहवाल पाठवा' असं ठेव. महिनाभर अहवाल स्वच्छ आले की 'संशयित पत्र स्पॅममध्ये टाका' वर ने.

यात एक ठरलेली चूक होते. होस्टिंगवाल्याने एसपीएफची एक ओळ आधीच भरलेली असते. मेल पाठवणारी सेवा दुसरी ओळ देते आणि माणूस ती खाली वेगळी चिकटवतो. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. दोन झाल्या की दोन्ही बाद. नवीन मजकूर जुन्याच ओळीत घालायचा, आणि त्या ओळीमुळे होणारे डीएनएस शोध दहाच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. सगळं झालं की स्वतःच्या जीमेलवर एक अंक पाठव, उघड, उजवीकडचे तीन ठिपके दाब आणि 'शो ओरिजिनल' निवड. वरच्या चौकटीत एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्हींपुढे 'पास' दिसलं पाहिजे. एकापुढेही दुसरं काही दिसलं, तर त्या दिवशी अंक पाठवू नकोस.

'मग स्वतःचाच सर्व्हर का नको?' हा तुझा पुढचा प्रश्न असणार, कारण हौस तुला आहे. घरच्या ब्रॉडबँडवर संगणक ठेवून पाठवायचं तर नादच सोड. घरगुती जोडण्यांचे आयपी स्पॅमहाउसच्या एका वेगळ्या यादीत मुळातच असतात. तिथून थेट आलेलं पत्र अनेक सर्व्हर दारातच परतवतात. आणि पिंगळीची वीज कधी जाईल हे तुला इथून कोणी सांगायला नको. भाड्याचा व्हीपीएस, म्हणजे स्वतंत्र आभासी सर्व्हर, घेतला तरी पंचवीस नंबरचं पोर्ट, जिथून एक मेल सर्व्हर दुसऱ्याशी बोलतो, अनेक मोठ्या क्लाउड कंपन्या बंद ठेवतात. गूगल क्लाउडवर ते बंद आहे, डिजिटलओशनच्या नव्या सर्व्हरवरही बंद. ते उघडून मिळालं तरी उलट डीएनएसची नोंद लावून घ्या, नव्या आयपीवरून पहिले काही आठवडे थोडी-थोडी पत्रं पाठवून त्याची पत जमवा, काळ्या याद्या रोज तपासा. शेती सांभाळून एकट्याने करायचं हे काम नाही.

राहतो तिसरा मार्ग, आणि तुझ्यासाठी तोच योग्य. वेबसाईट साध्या होस्टिंगवर ठेवायची आणि पत्रं पाठवायला स्वतंत्र सेवा घ्यायची. ॲमेझॉनची एसईएस ही सेवा २०११पासून चालू आहे आणि तिच्या मुंबई केंद्रातूनही पाठवता येतं. दर हजार पत्रांना दहा सेंट. साडेतीन हजारांची यादी, महिन्याला आठ अंक, म्हणजे २८,००० पत्रं. बिल तीन डॉलरच्या आत. मात्र नव्या खात्याला सुरुवातीला दिवसाला २०० पत्रांचीच परवानगी असते, तीही आधी पडताळलेल्या पत्त्यांवरच. मर्यादा उठवायला अर्ज करावा लागतो आणि त्यात यादी कशी जमवली, नाव कसं काढता येतं, हे लिहावं लागतं. ते खरं आणि सविस्तर लिही. ब्रेव्होसारख्या तयार सेवांमध्ये मांडणी, याद्या, अहवाल सगळं आयतं मिळतं. तिथे फुकटात दिवसाला ३०० पत्रं जातात. त्या हिशेबाने तुझा एक अंक बारा दिवस घेईल, म्हणून फुकटची योजना फक्त शिकण्यापुरती.

मराठी मुलखात होस्टिंग आणि ईमेलचा हा व्यवसाय नवा नाही. डायरेक्टी कंपनी १९९८मध्ये मुंबईतून उभी राहिली आणि बिगरॉक हा मुळात तिचाच ब्रँड होता. नाशिकला माईल्सवेब निघाली, ईएसडीएसने तिथेच डेटा सेंटर उभारलं. घाऊक ईमेलमध्ये मुंबईची नेटकोअर जुनी आहे. जवळची कंपनी असण्याचा फायदा रुपयातलं बिल आणि आपल्या वेळेला उचलला जाणारा फोन एवढाच धर. सर्व्हर नाशिकला आहे की अमेरिकेत, याने पत्र इनबॉक्सात पडण्यावर काही फरक पडत नाही. वेबसाईट उघडायला किंचित वेळ लागतो, तेवढंच.

यादी सांभाळण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पीएचपीलिस्ट २०००पासून आहे आणि साध्या शेअर्ड होस्टिंगवरही चालतं. फक्त त्याला पत्र बाहेर पाठवायला होस्टिंगचा सर्व्हर न देता एसईएसचा पत्ता द्यायचा. दुसरं लिस्टमंक. ते झिरोधा या शेअर दलाली कंपनीचे तंत्रज्ञानप्रमुख कैलाश नाध यांनी लिहिलं आहे, २०१९पासून सर्वांना खुलं आहे. ते वेगवान आणि नेटकं आहे, पण त्याला पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि सतत चालू राहणारी प्रक्रिया लागते. म्हणून तुझ्या त्या हजार-दीड हजारांच्या पॅकेजवर ते बसणार नाही, लहान व्हीपीएस लागेल. पहिल्या वर्षी पीएचपीलिस्टवर भागव.

सर्व्हरइतकंच लक्ष यादीकडे दे, किंबहुना जास्तच. तू म्हणतोस, मेळाव्यांच्या नोंदवहीतून पत्ते उतरवून घेतलेत. विद्यापीठाच्या १८ मेच्या खरीप मेळाव्यात उन्हात रांगेत उभा असलेला माणूस वहीत ईमेल कसा लिहितो, ते तू पाहिलंच असशील. 'जीमेल'चं 'जीमिअल' होतं, मधलं टिंब गळतं, 'एक' आणि 'एल' ओळखू येत नाहीत. असे पत्ते परत आले की त्याला बाउन्स म्हणतात. ॲमेझॉनकडे बाउन्स पाच टक्क्यांवर गेला की खातं तपासणीत जातं आणि दहा टक्क्यांवर पाठवणं थांबू शकतं. साडेतीन हजारांत पाच टक्के म्हणजे १७५. वहीतल्या एवढ्या चुका पहिल्याच अंकात निघतील. म्हणून वही जशीच्या तशी चढवू नकोस. शंका असलेल्याला फोन कर. नवीन नाव घेताना आधी एक पुष्टीचं पत्र जाऊ दे; त्यातली कडी (लिंक) त्याने दाबली तरच नाव पक्कं. यादी निम्म्यावर आली तरी चालेल.

दोन-पाच हजारांत 'लाखभर शेतकऱ्यांचा डेटा' विकणारे तुला भेटतील, कदाचित भेटलेही असतील. त्यांच्याकडून एकही पत्ता घेऊ नकोस. अशा याद्यांत काही पत्ते खास सापळा म्हणून सोडलेले असतात. ते कुठल्याच माणसाचे नसतात, त्यामुळे त्यांनी संमती दिलेली असणं शक्यच नसतं. तिथे पत्र गेलं की डोमेनची पत गेली, आणि ती परत मिळवायला महिने लागतात. शिवाय २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. संमती मोकळी, नेमक्या कामासाठी आणि समजून दिलेली असावी, आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यावी, असं तो सांगतो. संमतीची विनंती आठव्या अनुसूचीतल्या भाषांतही वाचता यावी, अशी तरतूद त्यात आहे, आणि मराठी त्यात आहेच. नोंदणीच्या अर्जावर शुद्ध मराठीत दोन ओळी घाल: काय पाठवणार, किती वेळा, आणि बंद कसं करायचं. 'नाव काढा' ही कडी अंकाच्या तळाशी लपवू नकोस. ती सापडली नाही की माणूस 'स्पॅम'चं बटण दाबतो, आणि तुला ते जास्त महाग पडतं.

मराठी अंकाची एक खास अडचण आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. 'पिंगळी' लिहायला सहा चिन्हं लागतात: प, वेलांटी, अनुस्वार, ग, ळ आणि दुसरी वेलांटी. म्हणजे अठरा बाइट. ईमेलमधून जाताना त्याचं आणखी रूपांतर होतं. बेस-६४ पद्धतीत या अठरा बाइटांची चोवीस अक्षरं होतात. क्वोटेड-प्रिंटेबल पद्धतीत प्रत्येक बाइटाला तीन अक्षरं लागत असल्याने चोपन्न होतात. इंग्रजी मजकुराला दुसरी पद्धत सोयीची, आपल्याला पहिली. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ते बदलून घे. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचं पत्र कापून 'पूर्ण संदेश पाहा' असं दाखवतं, आणि तुझी 'नाव काढा' कडी नेमकी त्या कापलेल्या भागात जाते. अंक आटोपशीर ठेव, सजावटीचा कोड कमी ठेव, आणि बाजारभावाचा तक्ता फोटो म्हणून न टाकता मजकुरात दे. फोटो उघडत नाहीत तिथेही भाव वाचता आले पाहिजेत.

डोमेन .इन घे. .भारत हे देवनागरी डोमेन २०१४पासून मिळतं आणि वेबसाईटसाठी ते जोडीला जरूर घे. पण पाठवणाऱ्याचा पत्ता देवनागरीत ठेवू नकोस, कारण असा पत्ता अजून सगळेच मेल सर्व्हर स्वीकारत नाहीत. डोमेन तुझ्या नावावर, तुझ्या ईमेलवर आणि तुझ्या फोनवर नोंदलेला हवा. वेबसाईट बनवून देणाऱ्याने तो स्वतःच्या नावावर घेतला, की पुढे तो दुकान बंद करतो किंवा फोन उचलत नाही, आणि ज्या नावावर वर्षभर पत जमवली तेच हातातून जातं. बातमीपत्रासाठी मुख्य डोमेनचा एक उपडोमेन वेगळा ठेव. काही बिघडलंच तर तुझा रोजचा पत्रव्यवहार अडकायला नको.

होस्टिंगचे पैसे भरण्याआधी कंपनीला ईमेलने हे विचार आणि उत्तरं लेखी घे: ताशी किती पत्रं बाहेर जातात, आणि ती मर्यादा खात्याला आहे की डोमेनला? डीएनएसच्या नोंदी स्वतःला भरता येतात का? बाहेरच्या मेल सेवेचं ५८७ नंबरचं पोर्ट उघडं आहे का? दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला किती पडेल, जीएसटी धरून? पहिल्या वर्षीची किंमत ही बहुधा गळ असते. तीन वर्षांचा हिशेब मांडल्याशिवाय स्वस्त-महाग ठरवू नकोस. पोर्टबद्दल 'नाही' आलं, तर ती कंपनी सोडून दे, कारण मग एसईएस जोडणं अवघड होऊन बसेल.

आता क्रम असा ठेव. या आठवड्यात डोमेन घे आणि तिन्ही नोंदी भर. एसईएसचा अर्ज त्याच दिवशी कर, मंजुरीला वेळ लागू शकतो. पहिला अंक ज्यांचे पत्ते तू स्वतः पडताळलेत अशा शंभर-दीडशे लोकांनाच पाठव, आणि त्यांनी उघडला, उत्तर दिलं, तर पुढच्या अंकाला संख्या दुप्पट कर. मेच्या खरीप मेळाव्यापर्यंत पूर्ण यादीला पाठवता आलं पाहिजे, कारण पेरणीआधीचे ते तीन आठवडे लोक खरोखर वाचतात. पहिला अंक निघेल तेव्हा यादीत काकूचा आणि माझा पत्ता घालायला विसरू नकोस, आणि तो इनबॉक्सात पडला की स्पॅममध्ये, हे त्याच संध्याकाळी फोन करून विचार.

तुझा,
काका